‘त्यातून तिला मिळत काय होतं?’

माझी आई मिशनच्या एका कुष्ठरोग दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. तिथं शनिवार पायांचा असायचा. सकाळीच ओसरीत ओळीनं घमेली मांडायची, त्यांत कोमट पाणी ओतायचं. पेशंट बाकावर बसून पाय पाण्यात सोडायचे आणि वीसेक मिनिटं निवांत बोलत राहायचे. मग आई पाटावर बसून एकेकाचा पाय मांडीवर घ्यायची. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. काच रुतली तरी कळत नाही, चप्पल चावून जखम झाली तरी माणूस त्याच पायावर चालत राहतो. दुखण्यानं जे सांगायचं ते डोळ्यांनी शोधावं लागतं. आई पाय उजेडाकडे धरायची, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायची, टाचेचा घट्टा भिजून मऊ झाला असला की दगडानं हलके घासायची, कोरडं पुसून तेल लावायची. शेवटी त्याच्या एमसीआर रबराच्या, म्हणजे मऊ तळाच्या खास चपलेत हात घालून काटा, खडा काही अडकलाय का ते चाचपायची आणि म्हणायची, “जा मामा, आता आठवडाभर रोज संध्याकाळी स्वतः बघायचं.”

मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा शहरातून काही पाहुणे दवाखाना बघायला आले. त्यांतल्या एका बाईंनी आईला विचारलं, “सिस्टर, तुम्ही हे सगळं का करता?” आईनं मान वर न करता सांगितलं, “शनिवार चुकला की घट्ट्याखाली पाणी धरतं. जखम चिघळते. मग पाय जातो.” बाई जरा थांबल्या. त्यांना हे उत्तर नको होतं. आईकडे दुसरं नव्हतं.

तो प्रश्न पुढे मला जन्मभर भेटत राहिला. कॉलेजात कुणी म्हणालं, मिशनवाले पगार चांगला देत असतील. (देत नव्हते.) कुणी म्हणालं, औषधाच्या निमित्तानं बाटवायचं असतं. कुणी म्हणालं, तुमच्यात स्वर्ग मिळतो ना असलं केलं की. एका सुशिक्षित, सज्जन गृहस्थांनी अगदी मायेनं समजावलं, की अशा माणसांना दुसऱ्याची गरज होऊन राहण्याचीच गरज असते, मानसशास्त्र तसं सांगतं. सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच होता. त्यातून तिला मिळत काय होतं?

आता हा प्रश्न केवळ गप्पांचा राहिलेला नाही. कायद्याच्या भाषेत त्याला ‘आमिष’ असा शब्द आहे. ओरिसानं १९६७ मध्ये धर्मांतरासंबंधीचा कायदा केला, स्वतंत्र भारतात असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. पुढे अनेक राज्यांनी केले. महाराष्ट्र सरकारनंही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा विचार करायला समिती नेमली. धाक घालून किंवा फसवून कुणाचा धर्म बदलू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण आमिष या शब्दाची धार निराळी आहे. तो एकदा बोलण्यात रुळला की दवाखान्यातली खाट, शाळेची माफ केलेली फी, दुष्काळात वाढलेलं ताट, सगळ्यांनाच आधी आपली निर्दोषता सिद्ध करावी लागते. चांगुलपणा हा प्राथमिक पुराव्यावरून संशयित ठरतो. ख्रिस्ती माणसाचा तर हमखास.

मला या संशयाला उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी आमच्या बाजूचं कबूल केलं पाहिजे, नाहीतर पुढचं बोलायचा हक्क राहत नाही. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडता, १८१२ पर्यंत चाललं. ख्रिस्ताचं नाव घेऊन माणसांना तुरुंगात टाकलं, छळलं, घरांतून परागंदा केलं. पाव टाकून विहिरी बाटवल्याच्या गोष्टी अजून घरोघर सांगतात. त्यांतल्या किती खऱ्या याचा हिशेब इतिहासकार करोत. त्या गोष्टी टिकून राहिल्या त्यामागची भीती मात्र खरी होती. आणि कुणी भुकेल्यापुढे ताट धरून ‘आधी बाप्तिस्मा घे’ असं म्हटलं असेल, तर त्यानं कायद्याआधी स्वतःच्या धर्माचा गुन्हा केला. हे मी का म्हणते ते पुढे येईल.

हाच प्रश्न एका मराठी बाईनं १८८३ साली इंग्लंडमध्ये विचारला होता. तिच्या विचारण्यात संशय नव्हता, कुतूहलही नव्हतं. तिला खरोखर कळून घ्यायचं होतं. पंडिता रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेली होती. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला आल्या आणि वाँटेजच्या मठवासी भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचं लंडनमध्ये फुलम इथं एक घर होतं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायका तिथं राहत. रमाबाई ते घर बघायला गेल्या. ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं अशा बायका तिथं माणसांसारख्या वावरत होत्या. त्यांतल्याच काही बऱ्या होऊन आता दुसऱ्या आजारी, अपंगांची सेवा करत होत्या. पंडिता म्हणून कलकत्त्याच्या विद्वानांनी गौरवलेल्या या बाईंनी शास्त्रं वाचली होती. अशा स्त्रीला कोणती शिक्षा करावी हे त्यांना पाठ होतं. तिच्याशी प्रेमानं वागावं असं कुठं लिहिलेलं त्यांना आठवेना.

त्यांनी तिथल्या एका भगिनीला विचारलं, तुम्हाला या बायकांबद्दल एवढी कळकळ का? तिनं स्वतःविषयी काहीच सांगितलं नाही. तिनं योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. आणि तिच्याकडे ‘मला प्यायला पाणी दे’ म्हणून मागणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

मला या प्रसंगात क्रम फार महत्त्वाचा वाटतो. चांगुलपणा आधी दिसला. सिद्धांत मागून आला, आणि तोही सुखासुखी आला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी रमाबाईंनी धर्ममतांवर कडाक्याचे वाद घातले. जे पटलं नाही ते त्यांनी आज्ञा म्हणून स्वीकारलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे काही वर्षांनी भेटला. म्हणजे बाप्तिस्मा घेतानाही त्यांच्यापाशी सगळ्याचं स्पष्टीकरण नव्हतं. फुलमच्या घरात जे पाहिलं ते खरं आहे आणि ते माणसाच्या हिशेबात बसत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. त्या कळण्यावर त्यांनी पुढचं आयुष्य उभं केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असं कळल्यावर पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’नं झोड उठवली, सल्लागार मंडळातले सुधारक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. आमिषाचा आरोप तेव्हाही हाच होता. रमाबाईंचं म्हणणं असं, की माझ्या खोलीचं दार मी कुणाला बोलावण्यासाठी उघडत नाही आणि कुणी आलं तर लावूनही घेणार नाही. त्यांच्यावर टीका करणारी माणसं वाईट नव्हती, हेही मला सांगितलं पाहिजे. राज्य ज्यांचं, धर्मही त्यांचाच, अशा वेळी समाजाला भीती वाटणं स्वाभाविक होतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, बाया घेऊन आल्या. हाडं वर आलेल्या, फोडांनी भरलेल्या, दलालांच्या हातांतून सुटलेल्या. पुण्यात त्यांना ठेवायला जागा मिळेना, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी एक सदन, म्हाताऱ्यांसाठी एक. आणि फुलमला पाहिल्या होत्या तशा बायकांसाठी एक. त्याचं नाव कृपा सदन.

हेतू शोधणारा इथं म्हणेल, त्यांनी स्वतः दुष्काळ भोगला होता, म्हणून त्या धावल्या. खरं आहे. पण भूक भोगलेले पुष्कळ जण पुढे धान्याच्या कोठीला कुलूप लावतात, आणि त्यांनाही तीच भूक कारण म्हणून पुरते. एकाच कारणातून दोन उलटी फळं निघत असतील, तर ते कारण खरं असूनही अपुरं आहे. माझा सगळा मुद्दा या अपुरेपणाबद्दल आहे. हेतू नसतात असं मी म्हणत नाही. आईलाही असतील. पण हेतू आपल्याला वाट कुठून सुरू झाली तेवढं सांगतो. माणूस शेवटपर्यंत कसा चालला, हे त्याला सांगता येत नाही.

१९९९ च्या जानेवारीत ओरिसातल्या केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, थंडी म्हणून गाडीतच झोपले होते. २२ च्या रात्री जमावानं गाडी पेटवली. तिघंही जळून मेले. स्टेन्स ऑस्ट्रेलियाचे. १९६५ पासून ते बारिपदात होते, तिथलं मयूरभंज कुष्ठधाम सांभाळत होते. ते प्रचारकही होते, मनोहरपूरला ख्रिस्ती लोकांच्या जंगल शिबिरासाठीच गेले होते. ते लपवायचं कारण नाही, त्यांनीही लपवलं नाही.

त्या रात्रीचं स्पष्टीकरण शोधायला न्यायमूर्ती वाधवा आयोग बसला. साक्षी झाल्या, अहवाल आला. खटला चालला, मुख्य आरोपी दारा सिंगला खालच्या न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या निकालपत्रात हेतूबद्दल एक वाक्य होतं, की गरीब आदिवासींना ख्रिस्ती करण्याच्या कामाबद्दल स्टेन्स यांना धडा शिकवण्याचा उद्देश होता. देशभरातून नाराजी उमटली आणि चारच दिवसांत न्यायालयानं ते वाक्य काढून टाकलं. म्हणजे दुष्टपणाची कारणं शोधायला आपल्याकडे आयोग आहे, न्यायालय आहे, दुरुस्तीची सोय आहे. माणूस जाळणारा का जाळतो, हे थोडंफार तरी सांगता येतं. भीती, अफवा, गर्दीचा कैफ, कुणीतरी वर्षानुवर्षं पेरलेलं विष. दुष्टपणा कळायला तितकासा अवघड नाही.

त्याच घटनेनंतर, त्याच आठवड्यात घडलेली दुसरी गोष्ट मात्र कुणालाच कळली नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. नवरा आणि दोन मुलं यांच्या दफनाच्या वेळी त्या आणि तेरा वर्षांची एस्थर, दोघी भजन गायल्या. ख्रिस्तानं मला क्षमा केली आहे आणि त्याच्या मागं चालणाऱ्यानंही तसंच करावं अशी त्याची अपेक्षा आहे, असं त्यांनी आयोगापुढच्या प्रतिज्ञापत्रात मांडलं. शिक्षा हा कायद्याचा विषय आहे, तो कायद्यानं करावा, हेही त्यांनी स्पष्ट केलं. क्षमा म्हणजे गुन्हा झालाच नाही असं म्हणणं नव्हे, हा फरक त्यांनी फार नेमका धरला होता. आणि त्या ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत. बारिपदात राहिल्या, त्याच कुष्ठधामात. ग्रॅहम यांच्या नावाचं रुग्णालय २००४ मध्ये सुरू होईपर्यंत त्या तिथं होत्या. २००५ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

मी त्या वेळी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिथल्या पेशंटांचं ड्रेसिंग कोण करत असेल या दिवसांत?”

‘देव असेल तर जगात एवढं दुःख का?’ हा प्रश्न श्रद्धाळूला नेहमी विचारतात, विचारावाच. मला त्याचं उत्तर येत नाही. मनोहरपूरच्या रात्रीपुढे तर मी गप्पच बसते. पण मग प्रामाणिकपणानं दुसराही प्रश्न मांडावा लागेल. जग जर नुसतं स्वार्थाचं आणि योगायोगाचं असेल, तर बारिपदातली ती बाई कुठून आली?

शास्त्रानं या प्रश्नाला हात घातला आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या इंग्लिश जीवशास्त्रज्ञानं दाखवलं, की रक्ताच्या नात्यासाठी केलेला त्याग उत्क्रांतीत टिकतो. सख्ख्या भावंडात आपली निम्मी जनुकं असतात, चुलत भावंडात एक अष्टमांश, आणि त्याग त्या प्रमाणात परवडतो. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं परक्यासाठीच्या मदतीचं मांडलं, की आज मी तुला, उद्या तू मला. दोन्ही विचार भक्कम आहेत. घराघरात, गल्लीबोळात दिसणारा बराच चांगुलपणा त्यांत बसतो. पण या कथेत एक तिसरा माणूस आहे, त्याच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही.

जॉर्ज प्राइस हा अमेरिकन माणूस. १९६७ मध्ये लंडनला आला, हॅमिल्टनचं गणित त्याला अस्वस्थ करत होतं, म्हणून त्यानं स्वतःच ते मुळापासून मांडायला घेतलं आणि १९७० मध्ये त्याहून व्यापक समीकरण प्रसिद्ध केलं. आजही ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. निःस्वार्थपणा कसा टिकतो हे ज्यानं कागदावर इतकं स्वच्छ मांडलं, तो त्याच वर्षी ख्रिस्ती झाला. आधी कडवा नास्तिक होता. पुढच्या काळात त्यानं आपल्याजवळचं सगळं लंडनमधल्या बेघर, दारूच्या आहारी गेलेल्या माणसांना देऊन टाकलं, त्यांना घरात ठेवून घेतलं, शेवटी स्वतःच बेघरांसारखा राहू लागला. त्यांतला कुणीही त्याच्या नात्याचा नव्हता, कुणी परतफेड करणार नव्हता. मनानं आणि शरीरानं खचून जानेवारी १९७५ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. अंत्यविधीला हॅमिल्टन होता, आणखी एक मोठा शास्त्रज्ञ होता, आणि त्यानं सांभाळलेले काही बेघर होते.

त्याच्या शेवटाचं मला फार वाईट वाटतं आणि तो मी आदर्श म्हणून सांगत नाही. त्याला कुणीतरी सांभाळायला हवं होतं. चर्चनं, मित्रांनी, कुणीतरी. माणूस एकट्यानं संत होऊ शकत नाही, म्हणून तर आमच्यात मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समुदाय, असते. पण निःस्वार्थपणाचं समीकरण ज्याच्या हातात होतं, त्याला स्वतःला ते पुरलं नाही, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

आता स्वर्गाचा आक्षेप. ख्रिस्ती माणूस बक्षिसासाठी चांगलं वागतो, असं म्हणणाऱ्यांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय एकदा वाचावा. न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत; उघडा होतो, पांघरूण दिलंत; आजारी होतो, माझ्याकडे आलात. त्यावर ते लोक आनंदानं पुढे येत नाहीत. ते गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला भुकेलेलं पाहिलं तरी कधी? त्यांना आठवतच नाही. ज्यांनी हिशेब ठेवला नाही त्यांचाच हिशेब लागतो. आणि ज्या प्रोटेस्टंट परंपरेत मी वाढले तिथं तर लहानपणापासून एकच शिकवतात, की तारण, म्हणजे मुक्ती, कृपेनं होतं, कर्मांनी नाही. शनिवारी शंभर पाय धुतले म्हणून स्वर्गाचं एक पाऊलही विकत मिळत नाही. जे मिळायचं ते आधीच फुकट मिळालेलं आहे. म्हणून तर ते वाटता येतं.

फ्रान्समध्ये ल शाँबाँ सूर लिन्यों नावाचं डोंगराळ पठारावरचं एक प्रोटेस्टंट गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या शेतकऱ्यांनी आणि आसपासच्या गावांनी हजारो निर्वासितांना, त्यांत पुष्कळ ज्यू मुलांना, घरांत लपवलं. पकडले गेलो तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या चर्चचे पाळक आंद्रे त्रोक्मे यांना अटक करायला पोलीस आले, तेव्हा त्यांची पत्नी माग्दा हिनं पोलिसांना जेवायला बसवलं. पुढे लोक आश्चर्यानं विचारत, नवऱ्याला न्यायला आलेल्या माणसांना तुम्ही जेवू कसं घातलंत? तिचं म्हणणं साधंच असे, की जेवणाची वेळ झाली होती. गावकऱ्यांना कुणी ‘तुम्ही किती चांगले’ म्हटलं की ते संकोचत. दुसरं काय करणार होतो, असं त्यांना वाटे.

हे वाचलं तेव्हा मला ओसरीतली घमेली आठवली. ‘घट्ट्याखाली पाणी धरतं’ आणि ‘जेवणाची वेळ झाली होती’, ही एकाच जातीची उत्तरं आहेत. फुलमच्या भगिनीनं विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली, तेही तसंच. विचारणारा करणाऱ्याकडे बघत असतो. करणारी पायाकडे बघत असते. आपण शोध चुकीच्या दिशेला घेतो म्हणून तो लागत नाही, असं मला वाटतं. चांगुलपणाचं कारण करणाऱ्याच्या मनाच्या तळाशी पुरलेलं नसतं. ते त्याच्या समोर, उजेडात, जखम घेऊन बसलेलं असतं.

ख्रिस्ती श्रद्धा या सगळ्याला कृपा म्हणते. कृपा हे स्पष्टीकरण नव्हे. ‘देवानं केलं’ म्हणून वही मिटून टाकायची असा त्याचा अर्थ नाही. कृपा म्हणण्यात दोन गोष्टी येतात. एक, हे माझं नाही, माझ्याकडे कुठून तरी आलं. येशूला कुणी ‘उत्तम गुरुजी’ म्हटलं तर तोसुद्धा म्हणाला, मला उत्तम का म्हणतोस, देवावाचून कुणी उत्तम नाही. त्यानंही ते स्वतःच्या नावावर लावून घेतलं नाही. आणि दुसरी, जे माझं नाही त्याला मी अट घालू शकत नाही. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. सूर्य उगवण्याआधी कुणाचं नाव, गाव, धर्म विचारत नाही.

म्हणून मघाशी म्हटलं, की ताटापुढे अट ठेवणारा आपल्याच धर्माचा गुन्हा करतो. अट घातली की ती कृपा राहत नाही, तो सौदा होतो. आमच्या काही संस्था पाश्चात्त्य देणगीदारांना पाठवण्यासाठी गरिबांच्या चेहऱ्यांचे फोटो काढून ‘किती जीव जिंकले’ याचे आकडे छापतात, तेव्हा मला शरमेनं मान खाली घालावीशी वाटते. ते थांबलं पाहिजे, आणि ते कायद्याच्या भीतीनं नव्हे, आम्ही आमचं आम्ही थांबवलं पाहिजे.

पण म्हणून ख्रिस्ती माणसानं आपल्या देवाचं नाव कधी घेऊच नये, असं कुणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. रमाबाईंनी विचारलं होतं. फुलमच्या त्या भगिनीनं काय सांगायला हवं होतं? ‘पगार मिळतो’ असं? विचारणाऱ्याला खरं उत्तर देणं म्हणजे आमिष नव्हे. कायद्यानं फसवणूक पकडावी, धाक पकडावा. प्रत्येक दवाखान्याच्या ओसरीत हेतू शोधत बसू नये, कारण तिथं त्याला सापडेल ते अर्धंच असेल, आणि त्या अर्ध्यावर तो उरलेल्याला दोषी ठरवेल.

एक प्रश्न मला जवळच्या माणसांनीही विचारला आहे. चांगुलपणा काय फक्त ख्रिस्त्यांचा आहे? अजिबात नाही. १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण कुष्ठरोग्यांमध्ये राहिले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. वरोऱ्याला बाबा आणि साधनाताईंनी आनंदवन फुलवलं. माझी आई आनंदवनाचं नाव घ्यायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. येशूनं शेजारी कोण हे सांगायला जी गोष्ट निवडली, तिच्यात जखमी माणसाला टाकून पुढे गेले ते स्वधर्माचे याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, होते, थांबला तो शोमरोनी, धर्मबाह्य मानलेला. ख्रिस्ती माणसाला चांगुलपणावर मक्ता सांगायचा असेल, तर आधी ही गोष्ट बायबलमधून फाडावी लागेल. कृपा कुणाच्या अंगणात उतरेल हे आम्ही ठरवत नाही. ती उतरली की तिला ओळखायचं, एवढं आमच्याकडे आहे.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मधुमेहानं तिच्या पायांची जाणीव गेली आहे, तिनं जन्मभर ज्या पायांना हात लावला तशीच. शनिवारी सकाळी मी घमेल्यात कोमट पाणी घेते, आधी कोपर बुडवून किती गरम आहे ते बघते, तिनं शिकवलं तसं. मी तिची मुलगी आहे. माझ्या करण्याला हॅमिल्टनचं गणित पुरतं, आणि जन्मभराचं ऋण म्हटलं तर ट्रिव्हर्सचंही. पाय पुसून मी तेलाची बाटली उघडते, तेवढ्यात ती खुर्चीतून वाकते.

“बेचक्या बघितल्यास का? थांब, तेल मग. आधी उजेडाकडे धर.”